पोळी सोडली, पण वजन सोडेना

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या खामगाव-शेगावपासून घाटावरच्या मेहकर-लोणारपर्यंत कुठंही जा, वजन उतरवायला निघालेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गहू बंद केला, आता फक्त ज्वारीची भाकर." महिना-दोन महिन्यांनी काटा होता तिथंच असतो आणि खापर फुटतं थायरॉईडवर.

राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते काय सांगतात ते पाहा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ किलोकॅलरी, तेवढ्याच कणकेत ३२०. प्रथिनं दोन्हीकडे दहा ग्रॅमच्या आसपास, तंतू दहा-अकरा ग्रॅम. कोंडा न काढलेली कणीक ज्वारीपुढे कुठंही उणी पडत नाही. खरा घोळ परातीत होतो. एका फुलक्याला २५-३० ग्रॅम कणीक लागते. आपल्याकडची हातावर थापलेली भाकर ७०-८० ग्रॅम पीठ सहज घेते. म्हणजे एक भाकर जवळपास तीन फुलक्यांच्या बरोबरीची! दोन फुलके सोडून दोन भाकरी खाणारा तिप्पट पीठ पोटात घालतो आणि वर पथ्य पाळल्याचं समाधानही मिळवतो. पटत नसेल तर एकदा भिजवण्याआधी पीठ वजनकाट्यावर ठेवून बघा.

भाकरीचे गुण आहेतच. तिला तेल लागत नाही. ज्वारी तुलनेनं सावकाश पचते, त्यामुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पण ठेच्यावर कच्च्या तेलाची धार धरली की पहिला गुण तिथंच संपला; चहाच्या चमच्याएवढं तेल म्हणजे ४५ किलोकॅलरी. २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरं झालं तेव्हापासून तर बिस्किटाच्या पुड्यावर ज्वारीचं कणीस छापलं की बिस्कीट औषधी ठरतं. पुडा उलटा करून घटक वाचा. मैदा, साखर आणि पामतेल पहिल्या ओळीत असतील, तर कणसाला काही अर्थ नाही. ब्राऊन ब्रेडचंही तेच. तपकिरी रंग पुष्कळदा कॅरॅमलचा असतो.

शेगाव तालुक्यात २०२४च्या अखेरीस केसगळतीचा प्रकार सुरू झाला आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्यावरून "गहूच वाईट" म्हणणारेही भेटतात. अहो, तो संशय विशिष्ट गव्हातल्या सेलेनियमवर होता. त्याचा पोटावरच्या चरबीशी काय संबंध?

गुळाबद्दल थोडक्यात: १०० ग्रॅमला साखर सुमारे ४०० किलोकॅलरी, गूळ साडेतीनशेच्या वर. "गुळाचा चहा चालतो" म्हणत तीन कप पिणाऱ्यानं काय वाचवलं? मधही जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी साखरेच्याच खात्यात जमा. आणि गोळीवाल्या कृत्रिम गोडीबद्दल याच संघटनेनं मे २०२३मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ती वापरू नका, दीर्घकाळात चरबी घटल्याचा पुरावा नाही. गोड कमी करण्याला पर्याय नाही.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र हसावं की रडावं कळत नाही. आयसीएमआरच्या हिशेबानं ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅमच असतात. म्हणून पोरं हजारोंचा पावडरीचा डबा आणतात, आणि ज्या जिल्ह्यात खरिपात शिवारंच्या शिवारं सोयाबीननं भरलेली असतात, तिथलं सोयाबीन तेल काढायला जातं नि पेंड कोंबड्यांपुढे पडते. ५० ग्रॅम कोरड्या सोयावडीत २५ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. सोयाबीननं पुरुषांचे हार्मोन बिघडतात ही भीतीही नको. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळला नाही. घरचं सोयाबीन मात्र कच्चं खाऊ नका, नीट शिजवा.

सोया आवडत नसेल तर दोन अंडी (बारा ग्रॅम), मूठभर फुटाणे, मोड आलेली मटकी. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत, पण १०० ग्रॅमला पाचशेवर किलोकॅलरी. बसल्या बसल्या टोपलं संपवण्याची ती चीज नव्हे. आणि भाकरच हवी असेल तर ज्वारीत उडीद दळून कळण्याची करा. ज्वारीत लायसिन कमी असतं, ते उडीद भरून काढतो. फक्त एकच खा.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी भाकर एकदम निम्मी करण्याआधीही.