एकाच माशाचा वास दोघांना वेगळा का येतो?

मंडळी, कारंजा धरण असो की अफझलपूरकडं भीमेचा काठ, माल देताना हा वाद ठरलेला. व्यापारी पाटी नाकाजवळ नेतो आणि म्हणतो, "वास मारतोय, भाव कमी." आपण म्हणतो, "कुठला वास? पहाटेच जाळं काढलंय." समोरचा खोटं बोलतोय असं दोघांनाही वाटतं. पण कधी कधी दोघंही खरं बोलत असतात.

नाकाच्या आत अगदी वर वास पकडणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यावर कुलपासारखी प्रथिनं, आणि वासाचा कण म्हणजे किल्ली. कुलूप कसं घडवायचं ते आईबापाकडून आलेल्या जनुकांत लिहिलेलं असतं. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी ही जनुकं १९९१ मध्ये शोधली, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात अशी सुमारे ४०० जनुकं चालू आहेत, उंदरात हजाराच्या आसपास. त्यातलं एखादं तुमच्यात एका प्रकारचं, तर शेजाऱ्यात दुसऱ्या प्रकारचं असतं. कोथिंबिरीला साबणाचा वास येतो म्हणणारी माणसं आहेत ना, त्यातही जनुकांचा थोडा हात आहे.

माशाबद्दलचा पुरावा आला आइसलँडमधून. तो देशही मासेमारीवर वाढलेला. तिथल्या डीकोड जेनेटिक्सनं ११ हजारांहून जास्त लोकांना वासाची पेनं हुंगायला दिली : लिंबू, केळं, दालचिनी, पुदिना, ज्येष्ठमध आणि मासा. २०२० मध्ये निकाल छापून आला. टार-५ नावाच्या जनुकाचा एक वेगळा प्रकार असलेल्या थोड्या लोकांना माशाचा वास मंद यायचा, घाणही वाटायची नाही. कुणी म्हणालं बटाटा, कुणी चक्क गुलाब!

आता हे जसंच्या तसं आपल्या पाटीला लावू नका. त्या पेनातला वास होता ट्रायमिथाइलअमाइनचा. समुद्राचा मासा शिळा व्हायला लागला की जिवाणू त्याच्या अंगातल्या एका पदार्थापासून तो तयार करतात. गोड्या पाण्यातल्या माशात तो मूळ पदार्थ सहसा फारच कमी. म्हणून रोहू-कटल्याला सुकट-बोंबलासारखा उग्र वास नसतो.

आपला वाद बहुतेक वेळा मातकट वासाचा असतो. तो जिओस्मिनचा. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू ते बनवतात, आणि कल्ल्यांतून ते माशाच्या मांसात उतरतं. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो तोही त्याचाच. माणसाला तो अगदी कणभर असला तरी कळतो, मात्र सगळ्यांना सारखा नाही. आणि हे व्यापाऱ्याला ठणकावून सांगा : मातकट म्हणजे शिळा नव्हे. जिवंत मासाही मातकट असू शकतो. भाव पाडायचा तर कारण तरी खरं द्या!

आपल्या बाजूचंही बघू. तासन् तास माशात बसलं की नाक त्या वासाला सरावतं, मेंदू तो बाजूला टाकतो. ह्याचा जनुकांशी संबंध नाही. थोडं लांब मोकळ्या हवेत जाऊन आलं की परत कळायला लागतो. सर्दी, तंबाखूचा धूर, वय ह्यांनीही नाक मंदावतं. कोविडनंतर काहींचा वास महिनोन्‌महिने गेला होता, ते आठवत असेलच.

म्हणून माल पारखताना एकाच्या नाकावर सोडू नका. कल्ले लाल हवेत, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोटानं दाबलेलं मांस परत वर यायला हवं. घरात ज्याचं नाक तिखट आहे त्याला पाटी दाखवून घ्या.

मातकटपणा घालवायचा तर जिवंत मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात, खाद्य न देता ठेवतात. कालवणात चिंच किंवा लिंबू पडलं की तो वास आणखी कमी होतो. सुकटीचा उग्रपणाही आंबटानं दबतो, कारण ट्रायमिथाइलअमाइन आंबटाशी बांधलं जातं आणि हवेत उडत नाही.