परदेशातून आणलेली जुनी मोटार आणि तिची नोंदणी

उमेदीची वर्षे परदेशात घालवून गावी परतणाऱ्या गोमंतकीयास आपली मोटार तेथेच विकून येणे जिवावर येते, हे समजण्यासारखे आहे. मोटार सुस्थितीत असते आणि तिचे हप्तेही स्वतःच्या कमाईतून फेडलेले असतात. तथापि आवश्यक कागदपत्रांच्या अभावी अशा मोटारीस येथे नोंदणी क्रमांक मिळत नाही आणि मालकाची पुंजी अडकून पडते. यास्तव मोटार जहाजावर चढविण्यापूर्वीच या बाबतीतील कायदेशीर स्थिती जाणून घेणे इष्ट होय.

वापरलेल्या वाहनाच्या आयातीस केंद्र शासनाने ज्या अटी घातल्या आहेत, त्यांतील एक म्हणजे सुकाणूचक्र उजव्या बाजूस असणे. आखाती देशांत व पोर्तुगालमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. साहजिकच तेथील मोटारींचे सुकाणूचक्र डावीकडे असते. म्हणजे दुबई, कुवेत वा लिस्बन येथून नेहमीच्या वापरातील मोटार आणण्याचा प्रश्न येथेच निकालात निघतो. (पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची बाजू बदलली, गोव्यातील वाहतूक मात्र शेजारच्या ब्रिटिश मुलखाप्रमाणे डाव्या बाजूनेच चालू राहिली.) ब्रिटन व जपान येथील मोटारी या कसोटीस सामान्यतः उतरतात. परंतु ब्रिटनमधील मोटारीचा वेगदर्शक बहुधा मैलांत असतो, आणि आपल्याकडे तो किलोमीटरमध्ये असावा लागतो. याखेरीज मोटार तयार झाल्यापासून तीन वर्षांहून जुनी असता कामा नये, आणि ती मुंबई येथील सीमाशुल्क बंदरातूनच आणावी लागते. मुरगाव घराजवळ असले तरी त्याचा येथे उपयोग नाही.

खरी अडचण होते ती प्रमाणपत्राची. मोटार जहाजावर चढविण्याच्या लगेच आधी, केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या तपासणी संस्थेकडून तिची परीक्षा करवून, ती केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील तरतुदींना धरून आहे असे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ‘आधी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जहाज सुटल्यानंतर हे प्रमाणपत्र मागाहून मिळविण्याची सोय नाही, कारण ज्या वेळची स्थिती प्रमाणित करावयाची ती वेळच निघून गेलेली असते. मोटार येथे पोहोचल्यावर तिची पुन्हा चाचणी होते. त्यासाठी पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास संस्था नेमलेल्या आहेत. एका चाचणीने दुसरीची गरज संपत नाही.

प्रमाणपत्राविना आलेली मोटार सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १११ खाली जप्तीस पात्र ठरते. कलम १२५ अन्वये दंड भरून माल सोडविण्याचा पर्याय अधिकारी देऊ शकतात. परंतु तो दंड शुल्काव्यतिरिक्त असतो, आणि सीमाशुल्क व अन्य कर मिळून होणारी रक्कमच मुळी मोटारीच्या मूल्याहून अधिक भरते. शिवाय दंड भरून मोटार सुटली म्हणजे तिची नोंदणी झालीच, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. वाहतूक खात्याचे अधिकारी मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे स्वतंत्रपणे पाहणी करतात. नमुना २० मधील अर्जासोबत विमा, रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र आणि आयात मोटारीच्या बाबतीत सीमाशुल्क विभागाचा मुक्तता दाखला जोडावाच लागतो. नोंदणीविना मोटार रस्त्यावर आणल्यास पहिल्या गुन्ह्यास कलम १९२ प्रमाणे दोन ते पाच हजार रुपये दंड आहे.

पर्यटक ‘कार्ने’ नावाच्या हमीपत्रावर शुल्क न भरता मोटार आणतात. ती ठरलेल्या मुदतीत, सामान्यतः सहा महिन्यांत, परत न्यावयाची असते. अशी मोटार येथे कोणी स्वस्तात देऊ करीत असल्यास घेणाऱ्याने त्या वाटेस जाऊ नये.

परदेशी न गेलेल्या माणसासही याची झळ लागू शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने ‘नुमखोर’ या नावाने मोहीम काढून, भूतानमार्गे अवैधरीत्या आणल्याच्या संशयावरून अनेक जुन्या मोटारी ताब्यात घेतल्या. बनावट कागदपत्रांच्या आधारे त्यांची अन्य राज्यांत नोंदणी झाल्याचा आरोप होता. खोट्या कागदांवर मिळविलेली नोंदणी कलम ५५ अन्वये रद्द होऊ शकते, मग ती मोटार कितीही हात फिरलेली असो. म्हणून परराज्यातील क्रमांकाची विदेशी मोटार विकत घेताना विक्रेत्याकडून सीमाशुल्काचे आयातपत्र मूळ स्वरूपात मागून घ्यावे, त्यावरील सांगाडा क्रमांक व इंजिन क्रमांक मोटारीवर कोरलेल्या आकड्यांशी स्वतः ताडून पाहावेत, आणि शंका असल्यास बयाणा देण्यापूर्वी जवळच्या वाहतूक कार्यालयात विचारणा करावी.