तारेविना वीज : नागपूरचा चार्जर आणि आपला धंदा

वीज म्हटली की तार आली, हा आपल्या सर्वांचा पक्का समज आहे. पॉवरलूम असो, शिलाई मशीन असो की ई-रिक्षा, कुठे तरी पिन खोचल्याशिवाय काम चालू होत नाही. पण तारेशिवाय गाडीची बॅटरी भरणारे यंत्र आता तयार झाले आहे आणि त्यात आपल्या नागपूरचा हात आहे. साउथ अंबाझरी रोडवरील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे जुन्या लोकांचे व्हीआरसीई, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेचे तिरुवनंतपुरम येथील केंद्र यांनी मिळून विजेच्या गाड्यांसाठी बिनतारी चार्जर बनविला. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयामार्फत हे तंत्र उत्पादनासाठी एका खासगी कंपनीला देण्यात आले.

ही बातमी इंजिनियर लोकांपुरती आहे असे समजून कोणी पान उलटू नये. गांधीबाग आणि इतवारीत कापडाच्या गाठी वाहणारी गाडी, मोमिनपुऱ्यातून सवारी घेऊन निघणारी ई-रिक्षा आणि मोटार वाइंडिंग करणारा कारीगर, या तिघांच्याही रोजीचा या शोधाशी संबंध आहे. म्हणून हे यंत्र चालते कसे, त्यात नफा किती, तूट किती आणि फसगत कुठे होऊ शकते, हे साध्या भाषेत समजून घेऊ.

डीपीत काय घडते?

तारेविना वीज ही गोष्ट आपल्या मोहल्ल्यात पूर्वीपासून आहे. रस्त्याच्या कडेला उभी असलेली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पाहा. तिच्या आत तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यात जास्त दाबाची वीज येते, दुसऱ्यातून कमी दाबाची वीज आपल्या घराकडे जाते. साध्या डीपीत ही दोन वेटोळी कोणत्याही तारेने एकमेकांना जोडलेली नसतात. तरीही वीज इकडून तिकडे जाते.

याचे कारण इंग्लंडच्या मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढले. ते गरीब लोहाराचे चिरंजीव होते आणि लहानपणी बुक बाइंडिंगच्या दुकानात काम शिकत होते. त्यांनी दाखविले की, एका वेटोळ्यातील प्रवाह बदलत राहिला तर त्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही बदलत राहते, आणि त्या क्षेत्रात दुसरे वेटोळे ठेवले तर त्यातही वीज निर्माण होते. डीपीत या दोन वेटोळ्यांमध्ये लोखंडी पत्र्यांचा गाभा असतो. तो चुंबकीय शक्तीला बाहेर भटकू देत नाही, म्हणून तूट फार थोडी येते.

हवा मध्ये आली की

आता डीपीतील लोखंडी गाभा काढून टाका. एक वेटोळे जमिनीत पुरा, दुसरे गाडीच्या पोटाखाली बसवा. मध्ये फक्त हवा राहिली. हाच बिनतारी चार्जर. मात्र हवेत चुंबकीय शक्ती चारी बाजूंना पसरते आणि दुसऱ्या वेटोळ्यापर्यंत तिचा थोडाच हिस्सा पोचतो. या अडचणीवर इंजिनियर लोकांनी तीन उपाय काढले.

पहिला उपाय वेगाचा. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० फेरे घेते. चार्जरमध्ये इलेक्ट्रॉनिक स्विचच्या साहाय्याने हे फेरे ८० ते ९० हजारांवर नेले जातात. फेरे जितके जास्त, तितकी दुसऱ्या वेटोळ्यात वीज जोराने उठते.

दुसरा उपाय ताल जुळविण्याचा. झोक्यावर बसलेल्या मुलाला योग्य वेळी हलका धक्का दिला तरी झोका उंच जातो, अवेळी दिला तर ताकद फुकट जाते. त्याचप्रमाणे दोन्ही वेटोळ्यांना कॅपॅसिटर जोडून त्यांचा ताल एक केला जातो. रेडिओचे स्टेशन लावतो, तसाच हा प्रकार.

तिसरा उपाय मालाचा. वेगाने फिरणारी वीज तारेच्या आतून न जाता वरच्या सालीवरून वाहते. जाड तार वापरली तर तिचा गाभा निकामी राहतो. म्हणून मुलामा दिलेल्या अनेक बारीक तारा एकत्र पीळ देऊन एक तार बनवितात. सुताचे अनेक पदर वळून दोरा करतात, हुबेहूब तसेच. या तारेला लिट्झ वायर म्हणतात. वेटोळ्यामागे फेराइट नावाच्या काळ्या चुंबकीय पदार्थाच्या पट्ट्या लावतात, म्हणजे शक्ती मागे न जाता समोर जाते.

स्वप्न जुने, भांडवल बुडाले

सगळ्या जगाला तारेविना वीज देण्याचे स्वप्न निकोला टेस्ला यांनी पाहिले होते. १९०१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एक मोठा मनोरा बांधायला घेतला. सावकार जे. पी. मॉर्गन यांनी दीड लाख डॉलर दिले. पुढे पैसा कमी पडला, मॉर्गन यांनी आणखी रक्कम देण्यास नकार दिला आणि १९१७ मध्ये तो मनोरा पाडला गेला. टेस्ला यांची बुद्धी कमी नव्हती, पण अंतर वाढले की वीज पसरून जाते, हा निसर्गाचा कायदा भांडवलाने बदलत नाही.

त्यानंतर लोकांनी लहान अंतराचे काम हाती घेतले आणि तेथे यश आले. १९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील जॉन बॉईज आणि ग्रँट कोविक यांनी कारखान्यातील सामान वाहणाऱ्या गाड्यांना अशी वीज पुरविण्याचे तंत्र उभे केले. २००७ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी संस्थेत मारिन सोल्याचिच यांच्या गटाने २ मीटर अंतरावरून ६० वॅटचा बल्ब पेटवून दाखविला, पण त्यात सुमारे ४० टक्केच वीज पोचली. २०१३ मध्ये दक्षिण कोरियाच्या गुमी शहरात रस्त्याखालच्या वेटोळ्यांवरून वीज घेणाऱ्या बसगाड्या सुरू झाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या डेट्रॉइट शहरात पाव मैलाचा असा रस्ता तयार झाला. मोबाईल पाटीवर ठेवून चार्ज करण्याची सोय आणि बहिऱ्या मुलांच्या कानामागे बसविलेल्या कॉक्लिअर यंत्राला कातडीच्या आत वीज पोचविण्याची युक्ती, हीदेखील याच झाडाची फळे होत.

नागपूरचा चार्जर

व्हीएनआयटी आणि सी-डॅक यांचा चार्जर १.५ किलोवॅटचा आहे. तो घरगुती २३० व्होल्टच्या सिंगल फेज विजेवर चालतो, म्हणजे थ्री फेज मीटरची गरज नाही. ४८ व्होल्टच्या आणि ४.८ किलोवॅट-तासाच्या बॅटरीला तो ३० अँपिअरने चार्ज करतो आणि सुमारे ३ तासांत ९० टक्के बॅटरी भरतो. त्यातील स्विच सिलिकॉन कार्बाइड या पदार्थाचे असून सेकंदाला ८८ हजार फेऱ्यांपर्यंत काम करतात. जमिनीचे वेटोळे आणि गाडीचे वेटोळे यांत १२.५ सेंटिमीटर अंतर असताना ८९.४ टक्क्यांपर्यंत वीज बॅटरीकडे पोचते. शॉर्ट सर्किट झाले किंवा सर्किट तुटले तर बचावाची व्यवस्था आहे.

आता ४८ व्होल्ट हा आकडा पाहून ई-रिक्षावाल्यांनी कान टवकारले पाहिजेत. ई-रिक्षात १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्टच केलेले असतात. त्या १०० अँपिअर-तासाच्या असतील तर ४८ गुणिले १०० म्हणजे बरोबर ४.८ किलोवॅट-तास होतात. मोठ्या मोटारीसाठी नव्हे, तर आपल्या गल्लीबोळात फिरणाऱ्या तीनचाकी गाडीच्या मापाचे हे यंत्र आहे.

नागपूरला चार्जिंगची अडचण नवी नाही. मे २०१७ मध्ये या शहरात विजेवर चालणाऱ्या २०० प्रवासी वाहनांचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा चार्जिंगला लागणारा वेळ आणि रांगा ही चालकांची मोठी तक्रार होती. चालकाचा रांगेत गेलेला तास हा कमाईचा तास असतो. सवारीची वाट पाहत गाडी उभी असताना खालून बॅटरी भरत राहिली तर तो तास वाचतो.

नफा-तोट्याचा हिसाब

व्यापारी माणसाने तारीफ ऐकून नव्हे, हिसाब मांडून निर्णय घ्यावा. ४.८ युनिटच्या बॅटरीचे ९० टक्के म्हणजे ४.३२ युनिट. ८९.४ टक्के वीज पोचत असेल तर मीटरवर ४.८३ युनिट पडतील. म्हणजे एका चार्जिंगला साधारण अर्धा युनिट वाया. युनिटला १० रुपये धरले तर रोजचे ५ रुपये आणि वर्षातील ३०० दिवसांचे सुमारे १,५०० रुपये.

पण तारेचा चार्जरही काही वीज खातोच. त्याची तूट ८ टक्के धरली तर मीटरवर ४.७० युनिट पडतील. म्हणजे खरा फरक रोज सव्वा ते दीड रुपया, वर्षाला ४०० रुपयांच्या आसपास. इतक्या रकमेसाठी कोणी घाबरू नये.

मात्र गाडी वेटोळ्यावर बरोबर उभी केली नाही तर हिसाब बिघडतो. समजा, वाकडी गाडी लावल्यामुळे ७५ टक्केच वीज पोचली, तर मीटरवर ५.७६ युनिट पडतील आणि रोज सुमारे दीड युनिट वाया जाईल. म्हणून गाडी उभी करण्याच्या जागेवर चाकांसाठी पक्की खूण आणि अडसर करणे हे यात फार महत्त्वाचे आहे.

फायद्याच्या बाजूला काय आहे? रोज पिन काढून-लावून ढिली होते, गरम होते, ठिणगी उडते. दाट वस्तीत ओट्यावरून ओढलेली तार पावसाच्या पाण्यात पडते, त्याच ठिकाणी मुले खेळत असतात. बिनतारी यंत्रात वेटोळे बंद पेटीत असते, विजेचे उघडे टोक हाताला लागत नाही. एका अपघाताची किंमत वर्षाच्या ४०० रुपयांत मोजता येत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ३ तासांत बॅटरी भरण्याचा वेग लिथियम बॅटरीला मानवतो. जुन्या पाण्याच्या, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरीला ३० अँपिअर सतत दिले तर ती तापते आणि लवकर मरते. १०० अँपिअर-तासाच्या अशा बॅटरीला १० ते १५ अँपिअरच योग्य. तेव्हा चार्जर बदलण्याआधी बॅटरी कोणती आहे ते पाहावे.

कारीगरांसाठी काम

या यंत्राचा जीव वेटोळ्यात आहे आणि वेटोळे हे हाताचे हुनर आहे. पंख्याची, पंपाची, लूमच्या मोटारीची वाइंडिंग करणारे उस्ताद आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांना तारेचा गेज, वेढ्यांची संख्या, मुलामा आणि वार्निश यांचे ज्ञान आहे. नव्या कामात फरक एवढाच की, वेढे एका पातळीत चकतीसारखे घालायचे, लिट्झ वायरची प्रत्येक बारीक तार टोकाला नीट डागायची, आणि वेटोळ्याचे माप एलसीआर मीटरवर तपासायचे. एखादी जरी तार सुटली तरी गरमी वाढते. हे शिकण्यास मोठी डिग्री लागत नाही, पण अंदाजावर काम चालत नाही. मोजण्याची सवय लावावी लागते.

तरुण मुलांनी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स किंवा विजेच्या गाड्यांचा कोर्स करावा आणि घरच्या उस्तादाकडून हातही शिकून घ्यावा. डिग्री आणि हात एकत्र आले तर दुकान चालते. गाडीखाली पेटी बसविणे, फरशीत वेटोळे पक्के करणे, पाणी आत जाऊ न देणे, नागपूरच्या ४५ अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात यंत्र थंड ठेवणे, ही कामे कारखान्यात होत नाहीत. ती गावातच करावी लागतात.

यात पेटंटचा एक धडाही आहे. भारतात पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते. त्या मुदतीत दुसऱ्याची पेटंट असलेली रचना बनवून विकणे हा गुन्ह्यासारखाच महागात पडणारा व्यवहार आहे. पण दुरुस्ती आणि जोडणीची सेवा, तसेच परवाना घेऊन सुटे भाग बनविणे, हे रस्ते मोकळे आहेत. एखाद्या कारीगराने स्वतःची सुधारणा शोधली असेल तर ती चारचौघांत दाखविण्याआधी अर्ज करावा. एकदा जाहीर झालेल्या शोधाला पेटंट मिळणे कठीण होते.

घेण्याआधी विचारा

बाजारात नवी गोष्ट आली की तिच्या नावाने नकली मालही येतो. ‘खोलीत कुठेही ठेवा, आपोआप चार्ज होईल’ असे कोणी सांगत असेल तर एमआयटीचा ४० टक्क्यांचा आकडा आठवावा. आजच्या घडीला कामाचे अंतर एका वितीचे आहे, एका खोलीचे नाही. विक्रेत्याला पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. किती अंतरावर किती टक्के वीज पोचते आणि ते कागदावर लिहून देता काय? मध्ये नाणे, खिळा किंवा डब्याचे झाकण पडले तर यंत्र आपोआप बंद होते काय? कारण अशा धातूच्या वस्तू त्या क्षेत्रात तापून लाल होऊ शकतात. पाणी साचले तर काय? गॅरंटी किती वर्षांची आणि दुरुस्ती नागपुरात होईल काय? ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू यंत्राजवळ थांबू नये.

एकट्या रिक्षावाल्याने कर्ज काढून पहिला ग्राहक होण्याची घाई करू नये. रात्री गाड्या उभ्या करून चार्जिंग देणारा जागामालक, किंवा चार-पाच गाड्या बाळगणारा व्यापारी, यांनी एक जागा तयार करून सहा महिने मीटर लिहून ठेवावे. वीज किती लागली, गाडी किती तास उभी राहिली, बॅटरी किती टिकली, हे वहीत उतरले की मग पुढचा पैसा घालावा.