भांड्यांवरची नावे

वडिलोपार्जित ठेवा म्हटले की दागिने आणि वाडे डोळ्यांसमोर येतात. आम्हा कामगारांच्या घरी तो ठेवा म्हणजे लग्नात आलेला तांब्याचा हंडा, पितळेचे पातेले आणि त्यांवर कोरलेली नावे. कोणी, कोणाला, कोणत्या निमित्ताने दिले, एवढे त्या दोन ओळींत सापडते. सातबाऱ्यावर जिचे नाव कधी चढले नाही, त्या आजीचे नाव पुष्कळदा भांड्यावरच उरलेले असते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार थांबला, तेव्हा गिरणगावातल्या कित्येक घरांतून दागिने गेले, भांडीही गेली. मोडीचा व्यापारी तांबे तोलतो. नावाला वजन नसते. भट्टीत हंड्याबरोबर अक्षरेही वितळतात.

अडचणीला भांडे विकण्यात कमीपणा नाही. ते त्यासाठीही जपलेले असते. आमचे सांगणे एवढेच, की तराजूत घालण्यापूर्वी त्यावरची अक्षरे वहीत उतरवावीत आणि ती माणसे कोण, हे वडीलधाऱ्यांना विचारून खाली लिहावे. धातू पुन्हा विकत घेता येतो. नाव ओळखणारे माणूस गेले, की ते नाव कोणाकडूनच मिळत नाही.