उन्हाच्या मागे फिरणारी चौकट

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. दुपारी बाराला सूर्य पॅनेलच्या समोर असला, तर चार वाजता तो ६० अंश बाजूला गेलेला असतो आणि जागेवर खिळलेल्या पॅनेलला थेट ऊन निम्मंच मिळतं. सौरपंपांच्या सरकारी निकषांत पाण्याचा हिशेब पॅनेल दिवसातून तीनदा फिरवायचं धरूनच मांडलेला असे. पण पाभर किंवा फवारणी सोडून कोण जाणार पॅनेल फिरवायला? घरी बनवलेला ट्रॅकर हेच काम अंगावर घेतो.

त्याची सुरुवात वेल्डिंगच्या शेडमध्ये होते. लोखंडी अँगलची चौकट, २० मिलिमीटरचा शाफ्ट, दोन प्लमर ब्लॉक बेअरिंग. शाफ्ट उत्तर-दक्षिण ठेवायचा आणि त्याचं उत्तरेकडचं टोक गावाच्या अक्षांशाइतकं उचलायचं, पुण्याला साधारण साडेअठरा अंश. मग तो पृथ्वीच्या आसाला समांतर होतो आणि एकाच मोटरवर भागतं.

खरा कस लागतो तो तोल साधताना. ३३० वॅटचं पॅनेल वीस-बावीस किलोचं असतं. ते शाफ्टच्या वर बसवलं की वजन वरच्या अंगाला जातं आणि हात सोडताच चौकट एका बाजूला कलंडते. मग मिस्त्री खालच्या बाजूला लोखंडाचे तुकडे बांधतो, पुन्हा हात सोडून बघतो, एखादा तुकडा काढतो. जिथे सोडावी तिथेच चौकट थांबू लागली की तोल जमला. हे नीट साधलं, तर भंगारातून आणलेली वायपरची मोटरही पुरते. तिच्यात वर्म गिअर असल्यामुळे वाऱ्याच्या साध्या झुळकीने पॅनेल उलटं फिरत नाही.

वळवाचं वादळ मात्र वेगळं. ताशी १०० किलोमीटरचा वारा दोन चौरस मीटरच्या पॅनेलवर समोरून आदळला, तर जोर नव्वद किलोच्या पुढे जातो. म्हणून पॅनेल पटकन आडवं करण्याची सोय आणि खांबाखाली भक्कम काँक्रीट हवंच. स्वस्तात करण्याच्या नादात काटकसर नेमकी इथे होते, आणि ती करू नये.

सूर्य ओळखायला दोन एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारे सेन्सर, पुरतात. मधे उभी पट्टी लावायची. सूर्य सरकला की तिची सावली एकावर पडते आणि आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड मोटर फिरवतो. ढगाळ दिवशी उजेड सगळीकडून सारखाच येतो, तेव्हा ही जोडी चाचपडत राहते. संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून राहिलेल्या पॅनेलला सकाळचा सूर्य पाठीमागे असल्याने दिसतच नाही. म्हणून बरेच जण घड्याळाची चिप बसवतात. दर पाव तासाला पावणेचार अंश, रात्री परत पूर्वेला, दोन्ही टोकांना लिमिट स्विच. दहा अंशांची चूक झाली तरी थेट उन्हातलं नुकसान दीड टक्क्याच्या आसपासच असतं. त्यामुळे महागड्या अचूकतेची गरज नाही.

मोटरही नको असेल, तर पाणी आहे. कॅनडाच्या ईडन फुल यांच्या ‘सनसॅल्यूटर’मध्ये एका बाजूला पाण्याचं भांडं, दुसऱ्या बाजूला वजन असतं. पाणी थेंबथेंब गळतं तसं पॅनेल हळूहळू कलत जातं. केनियातल्या गावात त्यांनी ते वापरून पाहिलं. पुढे त्याच गळणाऱ्या पाण्याला गाळणी जोडून पिण्याचं पाणीही मिळवलं.

स्वच्छ उन्हाच्या दिवसांत असा एका आसाचा ट्रॅकर साधारण २० ते ३० टक्के जास्त वीज देतो. पावसाळ्यात फायदा फारसा उरत नाही. पॅनेल आता इतकी स्वस्त झाली आहेत, की घराच्या गच्चीवर जागा असेल तर आणखी एक पॅनेल लावणंच सोपं. विहिरीवरच्या बिनबॅटरीच्या पंपाचं तसं नाही. ठरावीक वीज मिळेपर्यंत तो पाणी वर चढवतच नाही. पूर्वेकडे वळलेलं पॅनेल ती पातळी सकाळी लवकर गाठतं, पश्चिमेकडे वळलेलं ती उन्हं उतरेपर्यंत टिकवतं, आणि दोन्ही टोकांना वाढलेल्या त्या वेळात ठिबकाचं आणखी एखादं वावर भिजून होतं.