ब्रेक बूस्टरची दांडी : जुळणी आणि दक्षता

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांतील कार्यालये, आरोग्य केंद्रे व शाळा यांना मोटारींची नित्य गरज असते. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि वाहनांचा वेग वाढला. तासी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार दर सेकंदास सुमारे २८ मीटर अंतर कापते. अशा वेळी ब्रेकमधील लहानशी चूकही जिवावर बेतू शकते.

बूस्टरचे कार्य

बूस्टर म्हणजे आत लवचीक पडदा असलेला पत्र्याचा गोल डबा. पेट्रोल इंजिन आपल्या शोषण-नळीतून या डब्यातील हवा ओढून घेते. डिझेल इंजिनास त्यासाठी बहुधा स्वतंत्र पंप असतो. पायडल दाबताच पडद्याच्या एका बाजूस बाहेरची हवा शिरते. तिच्या दाबाने पडदा पुढे सरकतो व चालकाच्या पायाच्या जोरात भर पडते. हा जोर एका दांडीमार्फत मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यापर्यंत पोहोचतो.

दांडीची लांबी

पायडल सोडलेले असताना दांडी व दट्ट्या यांत अत्यल्प फट राहावी लागते. दांडी आखूड झाल्यास पायडल फार खाली जाते. दांडी लांब झाल्यास धोका अधिक. कारण दट्ट्या पूर्णपणे मागे येत नाही आणि तेल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते. चाके घासू लागतात, तेल तापून फुगते व ब्रेक आपोआप अधिकच आवळले जातात. तेल उकळून त्यात वाफ झाली, की पायडल पोकळ लागते.

जुळणी करताना

दांडी कारखान्यातच मापाने जुळविलेली असते. त्यामुळे पायडल खाली जाते म्हणून दांडी लांबविणे हा उपाय नव्हे. प्रथम तेलाची गळती, नळ्यांतील हवा व लायनिंगची झीज तपासावी. बूस्टर वा मास्टर सिलिंडर बदलल्यावर मात्र माप घेणे आवश्यक ठरते.

हे काम प्रशिक्षित कारागिरानेच करावे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांस अटकाव लावावा. इंजिन बंद ठेवून पायडल अनेकदा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील उरलेली निर्वात स्थिती नाहीशी होते. उत्पादकाच्या पुस्तिकेतील मापानुसारच स्क्रू थोडाथोडा फिरवावा. अंदाजावर विसंबू नये. त्यानंतर चाके उचलून ती हाताने मोकळी फिरतात की नाही हे पाहावे आणि मोकळ्या जागी मंद गतीने चाचणी घ्यावी. थोडे अंतर चालविल्यावर चाकांस जळका वास येत असेल, तर गाडी रस्त्यावर आणू नये.

चालकाची परीक्षा

इंजिन बंद असताना पायडल चार-पाच वेळा दाबून पाय तसाच ठेवावा व इंजिन सुरू करावे. पायडल किंचित खाली गेले, तर बूस्टर कार्य करीत आहे असे समजावे.

सदोष वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० नुसार दंडनीय अपराध आहे. यास्तव ज्यांच्या ताब्यात शासकीय अथवा शाळेचे वाहन आहे, त्यांनी ब्रेकच्या प्रत्येक दुरुस्तीची व चाचणीची नोंद वाहनाच्या नोंदवहीत करून घ्यावी.