उपवासाच्या दिवसांतील उपकारस्तुती

राखेच्या बुधवारापासून इस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतच्या काळाला ख्रिस्ती परंपरेत लेंट म्हणतात. मराठी कॅथलिक त्यालाच उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. दिनदर्शिकेत तो ४६ दिवसांचा भरतो, परंतु रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने त्यातील ६ रविवार उपवासात मोजले जात नाहीत आणि उरलेले ४० दिवस येशूने अरण्यात केलेल्या उपवासाचे स्मरण देतात. रत्नागिरीत याच सुमारास आंबा मोहोरातून फळाकडे वळत असतो आणि शिमग्याच्या पालख्या घरोघर फिरत असतात. अशा उत्सवी ऋतूत पश्चात्ताप करणाऱ्याने देवाची स्तुती करावी की मौन धरावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

कॅथलिक उपासनेत या काळात ‘आलेलुया’ हा शब्द, ज्याचा हिब्रू अर्थ ‘परमेश्वराचे स्तवन करा’ असा आहे, उच्चारला जात नाही. मात्र स्तवनाचा शब्द थांबला तरी उपकारस्तुती, म्हणजे देवाने केलेले उपकार आठवून त्याचे आभार मानणे, थांबत नाही. कारण ज्या विधीभोवती सारी उपासना फिरते, त्या मिस्सेच्या ‘युखारिस्त’ या मूळ ग्रीक नावाचाच अर्थ आभारप्रदर्शन असा आहे. लोयोलाच्या संत इग्नेशियसने १६व्या शतकात आत्मपरीक्षणाची जी पद्धत घालून दिली, तिच्यातही पहिली पायरी आभाराची असून पापांची मोजदाद नंतर येते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण काय मिळाले हे ज्याने पाहिलेले नाही त्याला काय गमावले हेही नीट कळत नाही, आणि त्याचा पश्चात्ताप नुसती स्वतःची निंदा होऊन बसतो.

बायबलमधील ‘स्तोत्रसंहिता’ या प्रार्थनाग्रंथात हीच रीत दिसते. पश्चात्तापाचे सर्वांत प्रसिद्ध असे ५१वे स्तोत्र क्षमा मागता मागता ओठ स्तवनासाठी उघडावेत अशी विनवणी करते, तर ज्याचे आरंभीचे शब्द येशूने क्रूसावर उच्चारले, ते २२वे स्तोत्र टाकून दिल्याच्या आक्रोशातून निघून मंडळीसमोरच्या स्तवनात पोहोचते. सर्वच विलापस्तोत्रे अशी वळत नाहीत. ८८वे स्तोत्र अंधारातच संपते. म्हणूनच या साधनेतील कृतज्ञता म्हणजे दुःख नाकारणे नव्हे.

मराठीत या स्तवनाला स्वतःचा सूर मिळाला तो मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी परदेशी चालींच्या भाषांतरित गीतांपाशी न थांबता अभंग, भजन आणि कीर्तन हे वारकरी प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले, तिच्या काँग्रिगेशनल परंपरेत मुळात लेंटला फारसे स्थान नव्हते, त्यामुळे ही पदे केवळ उपवासकाळासाठी लिहिली गेली असे समजणे चूक ठरेल. पण अभंगात आर्तता आणि स्तवन एकाच श्वासात मावतात, आणि या चाळीस दिवसांना नेमकी तीच वाणी हवी असते. टिळकांचे निधन १९१९ मध्ये झाले. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहातून त्यांची पदे चर्चमध्ये आजही गायली जातात.